भुऱ्यासकट खोली पाहिजे

स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाकडे किस्से नसतात. त्याच्याकडे घरपट्टीची पावती असते आणि गळक्या गच्चीची तक्रार असते. किस्से असतात ते भाडेकरूकडे. दर खोलीमागे एक-दोन तरी जमतातच. सामान हलवताना डबे चेपतात, कपबशा फुटतात, कॅलेंडर हरवतं. किस्से मात्र टेम्पोच्या प्रत्येक फेरीत वाढत जातात. आणि सोबत कुत्रं असेल तर मग विचारूच नका!

हिंगोलीचा जिल्हा झाला त्या सुमारास माझी परभणीहून तिथं बदली झाली. मी नकाशे काढणारा माणूस. नवीन जिल्हा म्हणजे नवीन ऑफिसं, ऑफिसं म्हणजे बदलून आलेली माणसं, आणि माणसं म्हणजे खोल्यांची बोंबाबोंब. गोठ्याला चुना मारून त्याला 'वन रूम किचन' म्हणणारे मालक मी स्वतः पाहिलेत. आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी फायलींबद्दल कमी आणि खोल्यांबद्दल जास्त बोलणं व्हायचं.

माझी बायको मंगल एक पत्र्याची पेटी कधीच उघडायची नाही. "उघडली की मालक खोली सोडायला सांगतो," म्हणायची. माझंही तेच. खुर्चीत नीट टेकून बसलो की कुणीतरी उठ म्हणेल असं वाटायचं. दारावर टकटक झाली की आम्ही दोघं आधी कुत्र्याकडे बघायचो आणि मग कडी काढायचो.

*

तर हे कुत्रं आम्ही पाळलेलं नव्हतं. ते खोलीसोबत मिळालं.

पहिली खोली स्टेशनच्या बाजूला, एका काकूंची. काकूंनी खोली दाखवली, म्हणजे बोटानं एकेक वस्तू दाखवली. "हा पंखा. ही मोरी. हा खिळा, कपड्याला. आन् हे कुत्रं."

आधीचे भाडेकरू एक मास्तर होते. त्यांची बदली झाली आणि ते मातकट रंगाचं, एक कान पडलेलं कुत्रं मागं ठेवून गेले. नाव भुऱ्या. मी म्हणालो, काकू, आम्हाला कुत्रं नको.

"मला काय सांगता? त्याला सांगा. त्याचं राहणं तुमच्याआधीचं हाय."

भुऱ्यानं आम्हाला ठेवून घेतलं. मंगल दिवसभर एकटी असायची, ओळखपाळख कुणाची नाही. महिन्याभरात ती त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायला लागली. मला म्हणाली, "या गावात आपल्याला काही न विचारता घेणारा हा एकटाच भेटला."

आठेक महिन्यांनी काकूंचा मुलगा पुण्याहून परत आला आणि आम्हाला खोली सोडावी लागली. हिशेबानं कुत्रं खोलीचं, ते खोलीतच राहायला पाहिजे. आम्ही हातगाडी काढली, मंगलला म्हटलं मागं बघू नको. तिनं बघितलं नाही. पण मोंढ्यापाशी, म्हणजे धान्याच्या बाजारापाशी, हातगाडीवाला थांबला आणि म्हणाला, साहेब, गादीवर कुत्रं बसलंय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात काकूंचा निरोप आला. "पंखा हाय, मोरी हाय, खिळा हाय. कुत्रं कमी भरून राहिलं."

*

दुसरी खोली मोंढ्याच्या मागं, हळदीच्या एका व्यापाऱ्याची. लांबच लांब, खिडकी नाही, दार मात्र बैलगाडी जाईल एवढं. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

उन्हाळा लागला आणि हळदीची आवक सुरू झाली. भुऱ्याला हळदीच्या ढिगात लोळायचा नाद लागला. एका दुपारी तो घरी आला तो कानापासून शेपटीपर्यंत पिवळा. मंगलनं त्याला धरून कपड्याच्या साबणानं खसाखसा घासलं. हळदीला साबण लागला की काय होतं ते हळद पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या बाईला माहीत असायला पाहिजे, पण रागात लक्षात राहिलं नाही. कुत्रं लालभडक झालं!

तसंच ते तिच्या हातातून निसटलं आणि मोंढ्यात पळालं. हमालांनी पोती टाकून दिली. कुणी म्हणालं रक्तानं भरलंय, कुणी म्हणालं पिसाळलंय. मी ऑफिसातून धावत गेलो आणि त्याला उचलून आणलं तेव्हा माझा पांढरा शर्टही गेला.

देशमुख आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. औंढ्याकडचा, शेतीवाडीवाल्या घरचा, सडाफटिंग आणि तोंडाचा फटकळ. म्हणाला, "भुरं, पिवळं, लाल. एका कुत्र्यात तीन कुत्री करून राहिला तू, इंगोले. मालक तीन डिपॉझिट मागंल."

मालकानं डिपॉझिट मागितलं नाही. खोलीच मागितली. ती खोली मुळात हळदीच्या पोत्यांची होती आणि बिगरसीझनला तो तिच्यात माणसं ठेवायचा. बोलणं मात्र गोड. "तुमच्याबद्दल काही तक्रार न्हाई, साहेब. पण हळद बरी असते बघा. नळ सोडत न्हाई, लाइट जाळत न्हाई, पाहुणे बोलवत न्हाई."

"आणि भुंकत नाही," मी म्हणालो.

"ते मी मुद्दाम बोललो न्हाई."

*

तिसरे मालक खानचाचा. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. रिटायर झाले होते, पण कंडक्टर अजून होतेच.

त्यांच्या वाड्यात आम्ही तीन भाडेकरू आणि हौद एक. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. पाणी आलं की चाचा कानावर पेन्सिल लावून हौदाच्या कठड्यावर बसायचे आणि घागरी वाटायचे. मोठ्या माणसाला फुल, लेकराला हाफ. आमचा नंबर आला की म्हणायचे, "इंगोले. दो फुल."

पहिल्याच पाण्याला मंगल बोलली, कुत्र्यालाही तहान लागते. चाचांना कुत्रं आवडायचं नाही. नमाजाच्या जागेकडे त्याला फिरकू द्यायचं नाही, ही त्यांची पहिली अट होती. त्यांनी भुऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, तिकिटाला पात्र आहे की नाही हे बघावं तसं. मग पेन्सिल काढून वहीत लिहिलं. "दो फुल, एक हाफ."

त्या दिवसापासून भुऱ्याचा हाफ कधी चुकला नाही. पाणी कमी आलं तर चाचा स्वतःच्या घागरीतून काढून द्यायचे आणि वर मलाच रागवायचे, की जनावराच्या तकलीफचा जवाब वर द्यावा लागतो.

तिथं आम्ही सगळ्यात जास्त राहिलो. तिथंच मंगलला दिवस गेले. ती ते फक्त चाचींच्या कानात बोलली होती. पुढच्या पाण्याला आमचा नंबर आला. चाचांनी वर न बघता वहीत लिहिलं आणि रोजच्याच आवाजात पुकारलं, "इंगोले. दो फुल, दो हाफ."

पुढं त्यांची मुलगी आणि जावई कायमचे राहायला आले आणि जागा लागली. चाचांनी हे सांगायला महिना लावला. बाकीच्या खोल्या सोडताना मला नुसता वैताग आला. ही सोडताना वाईट वाटलं.

*

मंगलला आई नव्हती. त्यामुळे माहेरी बाळंतपणाचा प्रश्न नव्हता, जे व्हायचं ते हिंगोलीतच. तिचं एकच मागणं होतं. बाळ ज्या घरात येईल ते घर निदान वर्षभर हलू नये. आणि भुऱ्या सोबत पाहिजे. मला या दोन्ही गोष्टी तेव्हा फार मोठ्या वाटल्या नाहीत.

चौथी खोली लगेच मिळाली. आमचं इंगोले हे आडनाव मोठं सोयीचं आहे. समोरच्याला जे समजायचं असेल ते तो समजतो. या मालकीणबाईंनी आपल्या सोयीचं समजून घेतलं आणि एवढंच बजावलं, की आमच्या घरात मटण-मच्छी चालत नाही. कुत्र्यालाही दूध-भाकर.

आम्ही नियम पाळला. भुऱ्यानंही पाळला, घरात. पण खाटकाची गल्ली जवळ होती. दोन महिन्यांनी एका सकाळी मालकीणबाई चिमट्यात एक भलंमोठं हाड धरून आमच्या दारात उभ्या राहिल्या. तुळशीच्या कुंडीत सापडलं होतं. त्या चिमटा हलवत होत्या आणि भुऱ्याची मान हाडासोबत हलत होती.

मी सारवासारव करायला लागलो. मंगलनं मला थांबवलं आणि सरळ सांगितलं, "त्यानं घरात न्हाई खाल्लं, बाई. बाहेर खाल्लं. आमी बी बाहेरच खातो."

तिचं खरं बोलणं झालं आणि आमचं सामान बांधणं सुरू झालं.

*

पाचव्या घरात आम्ही एकूण वीस मिनिटं राहिलो.

मालक एका सोसायटीत नोकरीला. आदल्या दिवशी सगळं ठरलं होतं. कुत्रं त्यांनी स्वतः बघितलं होतं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, गरीब दिसतं म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात लागला. आमच्याकडे नवीन घरात आधी बुद्धाची मूर्ती जाते, मग पाण्याची घागर, मग बाकीचं. मंगलनं पदर डोक्यावर घेतला आणि मूर्ती दोन्ही हातांत धरून ती पायरी चढली.

मालक ओट्यावर दात कोरत बसले होते. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग टेम्पोतल्या भुऱ्याकडे असं पाहिलं, जसं त्याला जन्मात पहिल्यांदा बघतायत.

"साहेब, ते कुत्रं न्हाई चालणार."

मी म्हणालो, काल चाललं होतं.

"काल घरात इचारलं नव्हतं."

टेम्पोवाल्यानं सामानाचा दोर सोडता सोडता माझ्याकडे बघितलं. त्याला पत्ता पाहिजे होता. माझ्याकडे नव्हता. मंगल मूर्ती घेऊन पुन्हा पायरी उतरली आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसली. तिला पाचवा महिना होता. मला त्या माणसाच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं, आणि मी फक्त टेम्पोची फळी लावली.

सामान देशमुखच्या खोलीवर उतरवलं. तो स्वतः मित्राकडे झोपायला गेला. म्हणाला, "वहिनी, आठ दिवस काय, वर्ष राहा. फक्त माझ्या मोरीकडं बघू नका."

*

पण कुत्रं हे नुसतं निमित्त असतं, हे देशमुखला पटत नव्हतं. "तू दरवेळी तेच काहून धरून बसतो? लोकांना कुत्रं नको असतं, साधी गोष्ट हाय." त्यात वाईट हेतू नव्हता. त्याला खरंच तसं वाटायचं.

एका सकाळी मी डेपोच्या मागं एक खोली बघून आलो. मालकानं गाव विचारलं, मी पुसेगाव सांगितलं. गावात घर कोणत्या बाजूला, पाहुणे कुठले, असं विचारत विचारत तो पोचायचं तिथं पोचला आणि मग त्याला कुत्र्याची अडचण आठवली. मी ऑफिसात येऊन सांगितलं. देशमुख उठला, म्हणाला, दुपारी भुऱ्याला माझ्याकडं दे. ठरलं असं, की त्याला कुत्र्यापायी नकार आला तर आठवडाभर माझ्याकडून चहा.

चार वाजता तो परत आला. माझ्या टेबलावर किल्ली ठेवली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

"काय म्हणाला?"

"म्हणे, कुत्रं असलेलं बरं. राखण व्हते." थोड्या वेळानं म्हणाला, "भुऱ्याला भाकर बी दिली त्यानं."

चहा आला तर देशमुखनं घेतला नाही. मग किल्ली उचलून तो पुन्हा निघाला. मी म्हटलं, त्याला काही बोलू नकोस, उगाच भांडण नको. तो म्हणाला, बोलणार न्हाई.

पण बोलला. किल्ली त्या माणसाच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, "आमच्या कुत्र्याला तुमचं घर पसंत पडलं न्हाई."

*

सातवा महिना लागला तेव्हा आम्ही देशमुखच्याच खोलीत होतो आणि मला खुर्चीतच काय, स्वतःच्या कातड्यातही बसवत नव्हतं. अशा वेळी नानांचं घर कळलं.

नाना मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. दोन खोल्या, वेगळा नळ, आणि सरकारी दवाखाना पाच मिनिटांवर. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "हे बघा, मी तसलं काही मानत न्हाई. माणूस म्हणजे माणूस." मला खुर्ची दिली. चहा दिला, आपल्यासारख्याच कपात. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"फक्त कुत्र्याची अडचण हाय," नाना म्हणाले. "आमच्या हिला दमा. केस उडतात. कुत्रं नसतं तर किल्ली आत्ता तुमच्या हातात दिली असती."

मी देशमुखला सांगितलं तर त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. मला त्याचा राग आला. दमा लोकांना होतो. सगळी माणसं सारखी नसतात. आणि अडलेल्या माणसाला कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो, नाहीतर तो चालेल कसा?

मंगलला सांगितलं. ती भांडली नाही. तिनं भुऱ्याला जवळ ओढलं, त्याच्या पडलेल्या कानामागं खाजवत राहिली आणि म्हणाली, "तुमच्या भावाकडं नेऊन सोडा. शेतावर राहील. पण मी येणार न्हाई सोडायला."

शनिवारी मी त्याला जीपमध्ये घालून पुसेगावला नेलं. भावानं त्याला शेतातल्या कडुनिंबाला बांधलं. सवय होईपर्यंत बांधावंच लागेल, म्हणाला. मी भाकर टाकली. त्यानं हुंगलीसुद्धा नाही. मी निघालो तर भुंकलाही नाही, नुसता उभा राहिला, आमच्यासोबत टेम्पोत चढायच्या आधी उभा राहायचा तसा. फाट्यापर्यंत मी रडत आलो. चाळिशीला टेकलेला माणूस, सरकारी नोकरदार, आणि कुत्र्यासाठी रडतोय. रडलो तर रडलो.

घरी आलो तर मंगलनं त्याची जर्मनची थाळी घासून पुसून पालथी घातली होती. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही.

रविवारी सकाळी मी आणि मंगल रिक्षानं नानांकडे गेलो. नाना फाटकाशी आले. त्यांनी आधी आमच्या मागं पाहिलं, मग वाकून रिक्षात पाहिलं.

"कुत्रं?"

"गावी ठेवून आलो, नाना. पुसेगावला."

"पण कुत्री परत येतात."

"बांधलंय."

"कायमचं?"

"कायमचं."

नाना म्हणाले, या, बसा. आम्ही बसलो. आतून पाणी आलं. नानांनी चष्मा लावला, पेपर उघडला, पेपर मिटला, चष्मा काढला. मंगलला कितवा महिना विचारलं. तिनं सातवा सांगितला. छान, म्हणाले. किल्ली समोरच भिंतीवरच्या खिळ्याला होती, दोऱ्यात ओवलेली. तिच्याकडे आम्ही तिघंही बघत नव्हतो. पंखा फिरत होता.

मग नाना थोडे पुढं झुकले.

"मांजर पाळता का तुमी?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मंगलनं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि खुर्चीच्या हाताला धरून ती सावकाश उठली.

"न्हाई, नाना," ती म्हणाली. "पण तुमची सोय व्हत असंल तर एक पाळतो."

आम्ही तिथून डेपोवर आलो. पुसेगावची गाडी लागलेलीच होती.